गेमची आयडी विकली आणि आईचं खातं बंद पडलं

बेळगावच्या शहापुरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं छोटं दुकान आहे, त्यामुळं लोकांची कागदं रोज हाताखालून जातात. मागे एकदा वडगावातल्या एक वैनी पासबुक घेऊन आल्या. यंत्रमागावर काम करतात, दुपारची सुट्टी काढून आलेल्या. म्हणाल्या, "दादा, एटीएमात पैसे निघेनात, बँकेत विचारलं तर म्हणतात खात्यावर होल्ड आहे, कुठल्या की पोलिसांनी घातलाय, काय करावं कळेना झालंय." त्या खात्यात गृहलक्ष्मीचे, म्हणजे कर्नाटक सरकारच्या बायकांसाठीच्या योजनेचे, महिन्याचे २,००० येतात, बचत संघाच्या कर्जाचा हप्ता त्यातनंच कापला जातो, म्हणजे घर त्याच खात्यावर चाललेलं. स्टेटमेंट काढून दिलं तर मध्येच दोन नोंदी दिसल्या, ४,५०० आणि परत ४,५००, पाठवणाऱ्याचं नाव आम्हा कुणाच्याच ओळखीचं नाही. दारात त्यांचा पोरगा उभा होता, सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे. त्याच्याकडं बघितलं तर खाली मान घालून म्हणाला, "बीजीएमआयची आयडी विकलो होतो मामा, आईच्या फोनपे वर घेतलो पैसे." बीजीएमआय म्हणजे पबजीसारखा मोबाईलवरचा बंदुकीचा गेम, आणि आयडी म्हणजे त्यातलं आपलं खातं.

तेव्हापासून मी हा विषय नीट समजून घेतलाय, कारण असं एकच पोरगं नाही, अनगोळ, टिळकवाडी, खानापूर, निपाणी, कुठंही जा, आयडी विकणं घेणं सर्रास चालू आहे आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. म्हणून जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं सांगतो.

आधी विकतात काय ते बघू. तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचा धोका वेगळा. बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्समध्ये बंदुकीची एखादी स्किन, म्हणजे तिचं सजवलेलं रंगरूप, काढून दुसऱ्याला पैशाला देता येत नाही, त्यामुळं पोरं अख्खी आयडीच विकतात, ग्लेशियर एम-फोर बंदूक आहे, एक्स-सूट पोशाख आहे, पैसे भरून घेतलेले जुने रॉयल पास आहेत, अशी यादी टाकतात आणि त्यावर भाव ठरतो. दुसरा प्रकार म्हणजे गेममधलं चलन, युसी किंवा डायमंड, कंपनीच्या भावापेक्षा स्वस्तात टॉपअप मारून देतो म्हणणारे. आणि तिसरा प्रकार कॉम्प्युटरवरचा, काउंटर स्ट्राइक टू सारखा गेम, जिथं एकेक चाकू, एकेक स्किन सुटी सुटी देता घेता येते आणि त्याचा स्टीम नावाच्या गेम विकणाऱ्या ॲपवर बाजारच भरतो.

आता मुद्द्याची गोष्ट, जी ९० टक्के पोरांच्या डोक्यात उलटी बसलेली असते. आयडी तुमची नसते. तुम्ही पैसे भरलेत, रात्र रात्र जागून कॉन्कररला, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीला पोचलात, सगळं खरं, पण गेम सुरू करताना जे 'आय ॲग्री' दाबलं त्यात लिहिलेलं असतं की हे सगळं कंपनीचं आहे आणि तुम्हाला फक्त वापरायची परवानगी दिलीय, ती दुसऱ्याला विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही. बहुतेक सगळ्या मोठ्या गेमचं हेच आहे. समजा तुम्ही भाड्याच्या खोलीत राहता, स्वतःच्या पैशानं रंग दिला, पंखा बसवला, फरशी घातली, खोली एकदम झक्कास झाली, म्हणून काय ती खोली तुम्ही तिसऱ्याला विकू शकता का? मालकाला कळलं तर तो तुम्हालाही बाहेर काढतो आणि पैसे देऊन आत आलेल्यालाही. इथंही तसंच आहे, कंपनीला विक्री कळली तर आयडी बॅन, मग ती कुणाच्याही हातात असो. आणि खोलीच्या बाबतीत निदान पंखा तरी काढून नेता येतो, इथं तेवढंही नाही.

आणि मालकानं घरच पाडलं तर? हे आपण डोळ्यांनी बघितलंय. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईलवर बंदी आली, १४ फेब्रुवारी २०२२ ला फ्री फायरवर आली, बीजीएमआय जुलै २०२१ ला आला, बरोबर वर्षभरानं २८ जुलै २०२२ ला स्टोअरवरनं गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. त्या दहा महिन्यांत ज्यांनी हजारो रुपये देऊन आयडी घेतल्या होत्या त्यांच्या जिवाला काय घोर लागला असेल बघा. दिल्लीत एक ऑर्डर निघाली की भाव शून्य, आणि भरपाई मागायला दारच नाही कारण मुळात व्यवहारच नियमाबाहेरचा.

बाहेरच्या देशात तर कंपनीनं स्वतः परवानगी देऊनही बाजार टिकला नाही. डायब्लो थ्री नावाच्या गेमनं २०१२ मध्ये गेमच्या आतच खऱ्या पैशाचा लिलाव सुरू केला होता, तलवारी, चिलखतं खेळाडूंनी एकमेकांना डॉलरमध्ये विकायची आणि कंपनीनं त्यातलं कमिशन घ्यायचं. झालं असं की लोक खेळायचं सोडून खरेदीच करायला लागले, गेमची मजाच गेली, आणि मार्च २०१४ मध्ये कंपनीनं ते दुकान कायमचं बंद केलं.

स्टीमचा बाजार अजून चालू आहे, पण त्यात एक गोम आहे जी नवीन पोरांना उशिरा कळते. तिथं स्किन विकली की पैसे तुमच्या बँकेत येत नाहीत, स्टीमच्या वॉलेटमध्ये जातात आणि तिथनं बाहेर काढता येत नाहीत, त्यातनं दुसरी स्किन घ्या नाहीतर दुसरा गेम घ्या, बस. वर काउंटर स्ट्राइकच्या वस्तूवर १५ टक्के कटतात, ५ स्टीमचे आणि १० गेमचे. रोख पाहिजे म्हणून लोक मग बाहेरच्या वेबसाईटवर जातात आणि तिथं गेलं की कंपनीचा करार मोडलाच. जुलै २०२५ पासून त्यांनी अजून एक नियम आणलाय, ट्रेड झाल्यावर ७ दिवस तो व्यवहार उलटा फिरवता येतो, चोरी झाली तर माल परत मिळावा म्हणून. चांगला नियम आहे, पण रोखीत घेणाऱ्याला त्यानंच फटका बसू शकतो, तुम्ही पैसे दिले, स्किन आली, आणि चौथ्या दिवशी समोरच्यानं ट्रेड उलटवला तर पैसे कुणाकडं मागणार?

भावाचंही काही खरं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच गेमला एक अपडेट आला, पाच लाल दर्जाच्या, म्हणजे चाकूच्या खालोखाल दुर्मिळ, स्किन देऊन चाकू किंवा ग्लोव्ह्ज मिळवता यायला लागले. तोपर्यंत चाकू दुर्मिळ म्हणून महाग होते, एका रात्रीत ते धडाधड कोसळले आणि लाल स्किन वर गेल्या. ज्यांनी 'इन्व्हेस्टमेंट' म्हणून चाकू घेऊन ठेवले होते त्यांची काही चूक नव्हती, फक्त वस्तू किती तयार होणार हे ठरवणारा कंपनीतला माणूस होता, ते नव्हते. सोन्याचं तसं नसतं, म्हणून खडे बाजारात जाऊन चार ग्रॅमची अंगठी घेणं आणि चाकूची स्किन घेणं याला एका तराजूत तोलू नका.

आता फसवणूक कशी होते ते, कारण इथं पोरं रोज फसतात. विकत घेणाऱ्याच्या बाजूनं सगळ्यात मोठा घोळ म्हणजे विकणारा आयडी रिकव्हर मारतो. आयडी कुठल्यातरी ईमेलला, फेसबुकला किंवा फोन नंबरला जोडलेली असते, तुम्ही पासवर्ड बदलला, खुशीत खेळायला लागलात, आणि पंधरा दिवसांनी मूळ मालक कस्टमर सपोर्टला लिहितो की माझं खातं हॅक झालंय, त्याच्याकडं पहिल्या खरेदीची बिलं असतात, पहिला मेल असतो, कंपनी त्याच्यावर विश्वास ठेवते आणि आयडी त्याला परत. तेवढ्यात त्यानं ती तिसऱ्याला विकलेलीही असते. तुम्ही तक्रार कुठं करणार, कंपनीकडं गेलात तर पहिलं वाक्यच असं की मी आयडी विकत घेतली होती, म्हणजे नियम मोडला होता. मिडलमन ठेवला तर सुरक्षित असं वाटतं, पण बऱ्याचदा मिडलमन आणि समोरचा एकाच ताटात जेवणारे असतात.

विकणाऱ्याच्या बाजूनं खोटा पेमेंटचा स्क्रीनशॉट हा जुना खेळ, अजूनही चालतो. स्क्रीनशॉट बघू नका, बँकेचा बॅलन्स बघा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, कुणी म्हणालं की पैसे येण्यासाठी पिन टाक, तर तिथंच फोन ठेवा. आणि एक काळजीची गोष्ट, बऱ्याच पोरांची आयडी त्यांच्या नेहमीच्या जीमेललाच जोडलेली असते, आयडी देताना ते जीमेलच देऊन मोकळे होतात. त्या जीमेलमध्ये आईवडिलांचे फोटो असतात, आधारचे स्कॅन असतात, सगळ्या पाव्हण्यांचे नंबर असतात. एका पोरानं तर सिमच देऊन टाकलं होतं, सिम वडिलांच्या नावावर! उद्या त्या नंबरवरनं कुणी काही केलं तर पहिलं बोलावणं वडिलांना येणार.

स्वस्त युसीचं पण सांगतो, निम्म्या भावात युसी मिळते म्हणजे कुणीतरी त्याची किंमत चुकवतंच. कधी चोरलेल्या कार्डावरनं टॉपअप मारलेला असतो, कधी टॉपअप मारून नंतर रिफंड मागितलेला असतो. कार्डवाल्यानं तक्रार केली, पैसे उलटे गेले की कंपनी तुमच्या आयडीतली युसी कापून घेते, नाहीतर आयडीच बंद.

आता वैनींच्या खात्याकडं परत येतो, कारण खरा धोका हा आहे आणि याबद्दल कुणी बोलत नाही. गेमची आयडी गेली तर हळहळ, पण खातं गोठलं तर चूल थांबते.

होतं असं. समजा दुसऱ्या राज्यातल्या कुणा माणसाला फोनवर फसवून चोरानं त्याचे ५०,००० उडवले. हे पैसे चोराला स्वतःच्या खात्यात ठेवायचे नसतात, लगेच फिरवायचे असतात. मग तो बेळगावातल्या पोराची ९,००० ची आयडी त्या चोरीच्या पैशातनं घेतो आणि दोन तासांत दुसऱ्याला ८,००० ला विकतो. त्याला हजाराचा तोटा झाला तरी चालतो, कारण आता त्याच्या हातातले ८,००० स्वच्छ झाले आणि चोरीचे ९,००० आपल्या पोराच्या खात्यात. तिकडं फसलेला माणूस १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करतो, तक्रार नोंदवली जाते, आणि पैसा जिथं जिथं गेला त्या प्रत्येक खात्याला बँका टप्प्याटप्प्यानं होल्ड लावत येतात. पहिलं खातं, तिथनं दुसरं, तिथनं तिसरं. त्या साखळीत वैनींचं खातं आलं. पोलिसांना कागदावर एवढंच दिसतं की चोरीचा पैसा या बाईच्या खात्यात आला, तो गेमच्या आयडीचा होता हे पुढं आपल्याला सिद्ध करायचं असतं. आणि सिद्ध करायला पोराकडं काय होतं? व्यवहार झाल्यावर समोरच्यानं सगळं चॅट डिलीट केलेलं, पोरानं एकही स्क्रीनशॉट ठेवलेला नव्हता.

असं कुणाचं झालं तर काय करायचं ते मी त्या दोन महिन्यांत शिकलो. बँकेत जाऊन नुसतं "खातं का बंद" असं विचारू नका, लेखी अर्ज द्या आणि तीन गोष्टी मागा, तक्रारीचा पोचपावती नंबर, कुठल्या राज्याच्या कुठल्या सायबर ठाण्यानं होल्ड लावलाय, आणि वाद किती रुपयांचा आहे. मग विनंती करा की वादातल्या रकमेवरच होल्ड ठेवा, बाकीचं खातं मोकळं करा. गृहलक्ष्मीचे पैसे, मजुरीचे पैसे वेगळे दाखवणारं स्टेटमेंट जोडा. त्या ठाण्याला मेल करा, त्यात आयडीचा नंबर, ती आयडी आधी आपलीच होती याची जुनी खरेदीची बिलं, व्यवहाराची तारीख वेळ, समोरच्याचा नंबर, सगळं सरळ खरं लिहा, लपवाछपवी केली की संशय वाढतो. आपल्याकडं शहरात सीईएन (सायबर, आर्थिक गुन्हे आणि अमली पदार्थ) पोलीस ठाणं आहे, सायबरचं काम तिथं बघतात. बरीच मराठी पोरं कन्नड नीट येत नाही म्हणून ठाण्यात जायला कचरतात, अरे जा की, हिंदीत बोला, तोडकं मोडकं कन्नड बोला, सोबत कन्नड येणारा शेजारी न्या, पण जा. तरी खातं सुटत नसेल तर वकील गाठून कोर्टात अर्ज करता येतो. आणि तुम्ही स्वतः फसला असाल तर लाजू नका, त्याच तासात १९३० लावा, पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतो, दुसऱ्या दिवशी लावलात तर बहुतेक वेळा तो निघून गेलेला असतो.

कायद्याचं थोडं सांगावंच लागेल, कारण आपण सीमेवर राहतो आणि इथं त्याचा घोळ जास्त. ऑक्टोबर २०२१ ला कर्नाटकानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदी घातली होती, तेव्हा काही ॲपनी कर्नाटकातलं लोकेशन दिसलं की पैशाचे गेम बंद केले. निपाणीतला माझा एक मित्र सांगायचा, पोरं गाडीवरनं सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडायची, महाराष्ट्रातल्या कागलच्या बाजूला थांबायची, आणि तिथं खेळायची. १४ फेब्रुवारी २०२२ ला कर्नाटक हायकोर्टानं त्या कायद्यातली बंदीची कलमं रद्द केली, योगायोग म्हणजे फ्री फायरवर बंदीची बातमी आली तोच दिवस. पण आता नाका ओलांडून काही होणार नाही, कारण केंद्रानंच कायदा केलाय, २२ ऑगस्ट २०२५ ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो कागलला पण तोच, बेळगावला पण तोच.

त्या कायद्यात स्किन किंवा आयडी विकणं असा गुन्हा लिहिलेला नाही. लिहिलंय ते असं की पैसे किंवा पैशासारखी कुठलीही गोष्ट लावून, जिंकायच्या आशेनं खेळायचा गेम चालवायचा नाही, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. आणि 'पैशासारखी गोष्ट' यात कॉइन, टोकन, क्रेडिट असं सगळं धरलंय. म्हणजे स्किन लावून नाणं उडवायच्या ज्या साईट आहेत त्या सरळ यात बसतात. आणि ज्याची मला सगळ्यात काळजी वाटते ते म्हणजे गल्लीगल्लीतल्या कस्टम रूम, म्हणजे गेममध्ये पोरांनी स्वतः लावलेले खासगी सामने. एंट्री ५० रुपये, एका किलला १०, जिंकणाऱ्याला ५००, क्यूआर टाकला, शंभर पोरं जमली. ज्यानं रूम लावली त्याला वाटतं आपण टूर्नामेंट घेतोय, गणपतीत मंडळ कॅरमची स्पर्धा घेतं तसं. पण एंट्री गोळा करून त्यातनंच बक्षीस वाटलं की ते पैसे लावलेल्या खेळात मोडू शकतं, नुसतं ई-स्पोर्ट्स नाव दिलं म्हणून सुटका नाही, त्यासाठी सरकारी मान्यता, नोंदणी असं सगळं लागतं. असा गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही लिहिलंय, त्याची जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणजे इन्स्टावर स्टोरी टाकून रूमची जाहिरात करणारा अठरा एकोणीस वर्षांचा पोरगा जास्त अडचणीत, आणि त्याला याची कल्पनाही नसते.

दुसऱ्याची आयडी हॅक करून विकली तर मात्र गेमबिमचा विषयच राहत नाही, आयटी कायद्यातलं ६६ सी, म्हणजे दुसऱ्याचा पासवर्ड, ओळख चोरून वापरणं, ३ वर्षांपर्यंत कैद. गेममधली वस्तू खोटी आहे, तिची चोरी कसली, असं म्हणू नका. हॉलंडमध्ये २००७ ला दोन पोरांनी एका १३ वर्षांच्या मुलाला मारून, चाकू दाखवून त्याच्या रुनस्केप गेममधला ताईत आणि मुखवटा स्वतःच्या खात्यात घेतला होता. तिथल्या सुप्रीम कोर्टानं २०१२ ला सांगितलं की ही चोरीच, कारण त्या वस्तूमागं मुलाचा वेळ आणि कष्ट होते.

अठरा वर्षांखालच्या पोराचा करार आपल्या कायद्यात धरलाच जात नाही, त्यामुळं सोळा वर्षांच्या पोराला कुणी फसवलं तर 'ठरलं होतं' म्हणून पैसे मागणं त्याला अवघड जातं, आणि व्यवहार होतो आईच्या नाहीतर बाबांच्या खात्यातनं. टॅक्सचं थोडक्यात, आयडी विकून आलेला पैसा हे उत्पन्न आहे, नेहमीचा धंदा करत असाल तर धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवायला लागतं, आणि क्रिप्टो (ऑनलाईन चलन) किंवा एनएफटीवाला (ब्लॉकचेनवर नोंदलेल्या डिजिटल वस्तूंचा) गेम असेल तर नफ्यावर सरळ ३० टक्के, तोटा दुसरीकडं वजा करता येत नाही. रक्कम मोठी असेल तर गप सीएकडं जा.

ज्यांनी आधीच विकलीय त्यांनी आज एवढं करा, ती आयडी आपल्या जीमेल, फेसबुक, नंबरवरनं सुटलीय का बघा, नसेल तर सोडवा, सगळे पासवर्ड बदला, समोरच्याचं चॅट आणि पेमेंटची नोंद सेव्ह करून दुसऱ्या फोनवर पण पाठवून ठेवा, आणि घरी सांगा. घरी सांगणं अवघड जातं, मला माहितीय. पण त्या पोरानं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर चॅट डिलीट व्हायच्या आत आम्ही स्क्रीनशॉट काढले असते.

वैनींचं खातं दोन महिने आठ दिवसांनी मोकळं झालं, गृहलक्ष्मीचे दोन हप्ते एकदम दिसले, त्यांनी दुकानात येऊन स्टेटमेंट परत काढून घेतलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं म्हणून. ४,५०० वर अजून होल्ड आहे, दुसरे ४,५०० सुटले. पोरगा आता दर शनिवारी येतो, तिकडच्या ठाण्याला पाठवलेल्या मेलचं उत्तर आलंय का बघायला. सोमवारी तिसरा मेल पाठवायचाय, या वेळी जुन्या रॉयल पासची बिलं जोडून, ती त्याच्या मावशीच्या जुन्या फोनमध्ये सापडलीत.